क्लेमचा हिरवा खंदक

मुलीचं लग्न लागलं होतं, वहीत सह्या झाल्या होत्या, चर्चच्या दारात फोटोही निघाला होता, तरी एनिड गार्बटचा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळी मंडळी घरी येऊन टेबलाभोवती जमली, सँडविचच्या बशा फिरू लागल्या, आणि नवरीने, थेल्माने, आईला कोपऱ्यात गाठलं.

"आई, क्लेमकाका कुठायत?"

"येतील गं. त्यांना काय लंडनहून यायचंय? शेजारचं तर घर."

"तू शब्द दिला होतास."

"दिलाय ना. मग काका आल्याशिवाय केकला सुरी लागणार नाही, झालं?" एनिड म्हणाली आणि मनातल्या मनात स्वतःलाच चार शिव्या दिल्या. कारण क्लेमला बोलावणं तिच्या हातात नव्हतंच. ते होतं तिच्या नवऱ्याच्या हातात, आणि तो गृहस्थ खिडकीशी उभा राहून पाहुण्यांना ट्रॅमचे किस्से सांगत होता. विल्फ गार्बट ट्रॅमवर कंडक्टर होता. हल शहरातल्या निम्म्या लोकांशी तो दिवसभर गप्पा मारायचा. सख्ख्या भावाशी मात्र दीड वर्षात अवाक्षर बोलला नव्हता.

कारण काय, तर रुबार्ब. म्हाताऱ्या गार्बटने, म्हणजे या दोघांच्या बापाने, मागच्या बागेत रुबार्बचा वाफा लावला होता. एप्रिलात लालबुंद आंबट देठ निघायचे आणि दोन्ही घरांत साखर घालून शिजायचे. बाप गेला, वाफा विल्फच्या वाट्याच्या बागेत राहिला, पण देठ दोन्हीकडे जात राहिले. मग रेडिओवर युद्ध पुकारल्याची बातमी आली तो रविवार उजाडला. क्लेम आणि त्याची बायको लॉटी तिच्या माहेरी गेले होते. संध्याकाळी परत येऊन पाहतात तर वाफ्याच्या जागी खड्डा, खड्ड्यात बॉम्बपासून लपायला विल्फने बांधलेला सरकारी पत्र्यांचा खंदक, आणि बापाचा रुबार्ब उकिरड्यावर. क्लेमने तोंडातून शब्द काढला नाही. कंद उचलून नेले, महिनाभराने स्वतःचा खंदक बांधला आणि त्याच्या छपरावरच्या मातीत ते लावले. आता ते मोठाल्या पानांनिशी कुंपणावरून डोकावत होते. विल्फचं म्हणणं, हे मुद्दाम मला खिजवायला. क्लेमचं म्हणणं कोणालाच माहीत नव्हतं, कारण तो बोलतच नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

दोघी जावांनी मात्र नवऱ्यांच्या भांडणाची झळ एकमेकींना लागू दिली नव्हती. मासळीच्या रांगेत त्या दोघी शेजारी उभ्या राहायच्या, चहाची पत्ती कुंपणाच्या सैल फळीतून इकडून तिकडे जायची. आज सकाळीही त्या फळीपाशी लॉटी कुजबुजली होती.

"पहाटेपासून दाढी करून कोट चढवून बसलाय. बूट इतके घासलेत की कातडं झिजेल."

"मग घेऊन ये की त्याला!"

"ऐकेल तर ना. म्हणतो, दादाने स्वतःच्या तोंडाने बोलावलं पाहिजे. वहिनीचा निरोप नको, कार्ड नको. एक शब्द, म्हणतो. एकच."

एनिडने तो एक शब्द मिळवायला काय काय केलं नव्हतं! रडून झालं, अबोला धरून झाला, काल रात्री तर विल्फच्या आवडत्या पुडिंगचा तुकडाही त्याच्या पुढ्यातून उचलून झाला. विल्फचं उत्तर ठरलेलं. "मी थोरला. आधी त्याने बोलावं." इथंच घोडं पेंड खात होतं. आणि थेल्मा तर क्लेमच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. त्याला मूलबाळ नाही. तिला सायकल शिकवली त्याने, तिचे पहिले पडलेले दात खिशात घालून हिंडला तो. नवरा लेन ऑम्बलर सोमवारी बोटीवर निघायचा होता, समुद्रातले सुरुंग काढायला. परत कधी येईल, येईल की नाही, हे कोणी बोलत नव्हतं. एवढी एकच हौस पोरीने मागितली होती.

एनिड मन घट्ट करून नवऱ्याकडे निघाली, आज सगळ्यांदेखत तमाशा झाला तरी चालेल म्हणून. ती त्याच्या बाहीला हात घालणार, तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला.

भरदुपारी! पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बशांकडे पाहिलं, आणि बशा घेऊनच सगळे गल्लीच्या टोकाच्या विटांच्या सार्वजनिक निवाऱ्याकडे पळाले. विल्फने मात्र हात वर केला.

"घरची माणसं माझ्यामागे! गर्दीत चेंगरायची गरज नाही. आख्ख्या रस्त्यात माझा खंदक कोरडा, विचारा कुणालाही."

ट्रॅममध्ये तो सगळ्यांना हेच सांगत असे. खरी गोष्ट एनिडला ठाऊक होती. या गावात दोन हात खणलं की पाणी लागतं, आणि विल्फने सरकारी पत्रकाबरहुकूम पुरते चार फूट खणलं होतं. हल्ला झाला की गार्बट कुटुंब जिन्याखालच्या कपाटात झाडूंच्या सोबतीने बसायचं. आज व्याह्यांसमोर शोभा नको म्हणून विल्फने पहाटे बादल्या भरभरून पाणी उपसलं होतं, वर फळ्या टाकल्या होत्या, आणि गार राहावी म्हणून बिअरही तिथेच ठेवली होती.

एनिडने केक उचलला आणि ती धावली. केक म्हणजे वरचा तीन मजली पांढराशुभ्र डोलारा पुठ्ठ्याचा, बेकरीतून भाड्याने आणलेला. साखरेचं आवरण घालायला सरकारची बंदी होती. पुठ्ठ्याच्या आत दोन बोटं उंचीचा, सुकवलेल्या आलुबुखारांचा खरा केक होता. तिच्यामागून लेन, थेल्मा आणि लेनची आई, म्हणजे विहीणबाई. या ऑम्बलरबाई देहाने भरभक्कम, जिभेने त्याहून. विल्फने थाटात खंदकाचं दार उघडलं.

आत फळ्या तरंगत होत्या. फळ्यांमधून बिअरच्या बाटल्या बदकांसारख्या डुलत होत्या.

"जावयाला पोहायला बोलावलंय वाटतं?" ऑम्बलरबाई म्हणाल्या. "आमचा लेन बोटीवर पाण्यातच असतो हो. लग्नाच्या दिवशी तरी त्याला कोरडा ठेवा!"

"सकाळी नव्हतं पाणी," विल्फ पुटपुटला. "आत्ता काढतो." आणि खरंच, त्याने लग्नाच्या कोटातच बादली हातात घेतली.

"एनिड!" कुंपणापलीकडून लॉटीचा आवाज आला. "फळी काढलीय! या सगळे इकडे, आमच्यात जागा आहे!"

एनिड केकसकट फटीतून घुसली. पलीकडे क्लेम आपल्या खंदकाच्या तोंडाशी गोणपाटाचा पडदा वर धरून उभा होता. एक शब्द बोलला नाही. पण त्याच्या कोटाला फूल लावलेलं होतं, लग्नघरच्या पुरुषांनी लावलं होतं तसंच, पांढरं. न बोलावलेल्या माणसाने सकाळी उठून कोटाला फूल लावलं होतं.  थेल्माने सरळ त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि त्याने पडदा न सोडता दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं.

एकेक जण वाकून आत उतरला. आत खरोखर कोरडं होतं. दोन्ही बाजूंना बाकं, कुंडीत मेणबत्ती, भिंतीला टांगलेली किटली. ऑम्बलरबाई सगळ्यांत शेवटी अर्ध्या आत आल्या आणि तिथेच किंचाळल्या.

"हिरवं!"

"काय झालं विहीणबाई?"

"हे सगळं हिरवं रंगवलंय! वरपासून खालपर्यंत!"

होतंच ते हिरवं. क्लेम रंगारी. गावच्या बागेतल्या बाकांना रंग देण्याचं काम मिळालं होतं, त्यातला उरलेला डबा त्याने पत्रे गंजू नयेत म्हणून इथे फिरवला होता. त्याला काय माहीत की एक दिवस इथे मच्छीमारांच्या घरची बाई येणार आहे! ऑम्बलरांच्या तीन पिढ्या समुद्रावर. समुद्रावर हिरवा रंग अपशकुनी, म्हणून त्यांच्या घरात हिरव्या रुमालाला हातसुद्धा लावायचा नाही, पुरुष निघायचा त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, आणि दारातून हात हलवून निरोप द्यायचा नाही. समुद्र बघत असतो, म्हणत त्या.

"परवा पोरगा निघायचाय," ऑम्बलरबाई दारातच ठाण मांडून म्हणाल्या, "आणि मी त्याला हिरव्यात बसवू? लेन, चल बाहेर!"

"अगं आई, वरून बॉम्ब पडतील!"

"पडू देत. बॉम्ब चुकतो एखादा. हिरवं चुकत नाही."

"विहीणबाई, डोळे मिटून बसा हवं तर," एनिडने गयावया केली.

"मी मिटेन. त्याच्या डोळ्यांचं काय?"

दूर गोदीकडे तोफ धडाडली. दारात अडकलेल्या ऑम्बलरबाई आतही येईनात, बाहेरही जाईनात. तेव्हा आजवर कोणाच्या अध्यात ना मध्यात नसलेली लॉटी पुढे वाकली आणि तिने फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"घ्या. आता दाखवा कुठाय हिरवं ते."

 मग ऑम्बलरबाई हसल्या, त्यांचं सगळं अंग हललं आणि त्या धपकन आत आल्या. त्यांच्यामागून क्लेमनेही आत उतरून पडदा सोडला. "हुशार आहे हो तुमची जाऊ," त्या एनिडला म्हणाल्या. "अंधारात समुद्रालाही दिसत नाही."

"बाबा कुठायत?" थेल्माने विचारलं.

एनिडने मोजलं, विल्फ नव्हता. ती पडदा सारून वर आली. कुंपणाच्या फटीतून दिसलं, विल्फ गार्बट अजून आपल्या खंदकातून पाणी उपसत होता.

"विल्फ! वेडा झालायस का? चल!"

"त्याने मला बोलावलं नाही."

"पडदा धरून उभा होता तो! आणखी काय वाजंत्री पाठवायची?"

"तोंडाने बोलावलं का?"

"अरे, तू तरी त्याला कुठे बोलावलंस? एकाने तोंड उघडायचं नाही आणि दुसऱ्याने पाय उचलायचा नाही, आणि मी मात्र आज विधवा व्हायचं! मुलीच्या लग्नाच्या केकसकट!"

या वेळी तोफ जवळून धडाडली. विल्फने बादली टाकली आणि वयाला न शोभणारी उडी मारून तो फटीतून अलीकडे आला. एनिडमागून खाली उतरला तर अंधार. चाचपडत त्याने जागा शोधली. जागा एकच उरली होती, क्लेमसमोरची. दोन भावांचे गुडघे एकमेकांना टेकले. मागे सरायला दोघांनाही वाव नव्हता.

"आता केक कापा," थेल्मा म्हणाली. "सगळे आहेत."

"अंधारात?"

"आई, तूच म्हणालीस ना, काका आले की. आम्हीच काकांकडे आलो. चालेल मला."

लेनने विचारलं, "पण केक कुठाय?" आणि पाठोपाठ त्याच्या खालून पुठ्ठा चिरडल्याचा कर्रकन आवाज आला. "मी कशावर बसलोय?"

"तीन मजल्यांवर," लॉटी म्हणाली, आणि सगळा खंदक हसला. सुदैवाने एनिडने पुठ्ठा आधीच काढून ठेवला होता, खरा केक तिच्या मांडीवर होता. क्लेमने आपला चाकू पुढे केला, नवरानवरीने चाचपडत एकमेकांचा हात धरला, आणि गार्बट घराण्यातला हा पहिला केक कोणालाही न दिसता कापला गेला. तुकडे हातोहात फिरले. ऑम्बलरबाईंना दोन गेले असावेत, कारण लेनला मिळालाच नाही.

चघळण्याचा आवाज थांबला. मग विल्फ खाकरला.

"एनिड, तुझ्या दिराला विचार, इथे पाणी कसं नाही?"

एनिडने कपाळाला हात लावला. गुडघ्याला गुडघा टेकलाय आणि निरोप बायकोतर्फे! पण ती म्हणाली, "क्लेम, दादा विचारतायत, पाणी कसं नाही?"

"वहिनी, दादाला सांगा, मी दोनच फूट खणलं. बाकी उंची वर मातीची घातली."

"त्याला म्हणावं, पत्रकात चार फूट लिहिलं होतं."

"दादाला म्हणावं, पत्रक लिहिणाऱ्याने हल शहर पाहिलं नसेल."

"त्याला म्हणावं, वर माती जास्त झाली तर पत्रा दबतो."

"दादाला म्हणावं, दीड वर्षात दबला का?"

"अरे, पण दबेल ना! वर ओली माती, त्यात त्या रुबार्बची मुळं..."

"रुबार्बचं नाव तू काढू नकोस!"

"का काढू नको? बाप माझा पण होता!"

"मग उपटलास का? मला न विचारता? बापाच्या हातचा होता तो, दादा!"

 अंधारात लॉटीने एनिडची मांडी गच्च दाबली. बोलत होते! भांडत होते, पण एकमेकांशी, मध्ये कोणी नव्हतं. भावाभावांचं भांडण ऐकून एखाद्या बाईला इतका आनंद व्हावा, हे एनिडने कोणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक.

 मग विल्फचा आवाज आला. हा ट्रॅमवरचा आवाज नव्हता.

"मी रुबार्ब बघितलाच नाही रे. रेडिओवर युद्ध म्हणाले आणि माझे पाय लटपटायला लागले. थेल्मा बाहेर गेली होती. वाटलं, आत्ता येणार विमानं, आत्ता. पत्रे भिंतीला टेकवून पडले होते इतके दिवस. फावडं घेतलं आणि जिथे माती मऊ लागली तिथे खणत सुटलो. मऊ कुठली, तर बापाने वीस वर्षं खत घातलेली. कंद हातात आले तेव्हा कळलं. तोवर निम्मा वाफा गेला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू? की मी घाबरलो? गावभर सांगत हिंडतो, भिऊ नका, काही होत नाही. आणि घरी... धाकट्या भावाला कसं सांगू, मी भ्यालो होतो म्हणून? उजेडात तर आजही नसतं सांगितलं."

 

"त्या रविवारी मी सासूच्या टेबलाखाली होतो," क्लेम म्हणाला. "पाऊण तास. तिच्या कुत्र्याबरोबर."

"आणि कुत्रा आधी बाहेर आला," लॉटीने पुरवणी जोडली.

आधी थेल्माला हसू फुटलं, मग लेनला, मग सगळ्यांनाच. विल्फच्या हसण्यात मध्येच हुंदका आला, पण अंधार होता, त्यामुळे तोही हसण्यात जमा झाला.

"आणि छपरावर लावलास तो? मला खिजवायला?" विल्फने विचारलं.

"खिजवायला कसला! मला वाटायचं, एप्रिलात देठ दिसले की तू कधीतरी मागशील. कुंपणावरून हाक मारशील, क्लेम, दोन देठ दे रे, म्हणून. मी कापून ठेवायचो. शेवटी लॉटी शिजवायची आणि आम्ही दोघंच गिळायचो. साखरेशिवाय."

विल्फने मोठा श्वास घेतला. एनिडला समोरचं काही दिसत नव्हतं, पण या माणसाबरोबर तेवीस वर्षं काढली होती तिने. तो श्वास तिला ओळखता येत होता.

"क्लेम," विल्फ म्हणाला, "आज थेल्माचं लग्न आहे. ये बाबा लग्नाला."

केकचे चुरे सगळ्यांच्या मांडीवर, नवरी काकाच्या खांद्याला टेकलेली, आणि हे आमंत्रण! पण कोणी हसलं नाही. क्लेमचा आवाज आला, आणि तो ओला होता.

"येईन की, दादा. किती वाजता?"

आता मात्र ऑम्बलरबाईंना राहवेना. "अहो, लवकर ठरवा. माझ्या पोराने अजून केक खाल्लेला नाही!"

धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हा खंदकातली मंडळी इतकी हसत होती की तो ऐकू यायला वेळ लागला. विमानं वरून दुसरीकडे कुठे निघून गेली होती. ऑम्बलरबाईंनी डोळे मिटले, लेनलाही मिटायला लावले आणि त्याचा हात धरून त्या दोघांनी हिरव्याला न बघता बाहेरची वाट धरली. गल्लीतून पाहुणे रिकाम्या बशा घेऊन परतत होते. लॉटी म्हणाली, आता एवढ्या फटीतून परत कशाला जायचं? मग चार पाहुण्यांनी मिळून टेबलच कुंपणावरून अलीकडे आणलं, रुबार्बच्या पानांखाली मांडलं, आणि विल्फच्या खंदकातल्या बाटल्या पोरांनी गळाने मासे काढावेत तशा एकेक करून बाहेर काढल्या. थेल्माने बूट काढून गवतावर लेनबरोबर फेर धरला. ऊन पडलं होतं. सोमवारचा विचार कोणी करत नव्हतं, निदान चेहऱ्यावर दिसू देत नव्हतं.

फक्त दोन माणसं कमी होती. एनिड खंदकाच्या तोंडाशी गेली आणि तिने पडदा सारला. दोघे भाऊ अजून तसेच बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, आणि विल्फ तळहातावर बोटाने काहीतरी आखून दाखवत होता.

"तीन फूट तरी हवंच होतं," विल्फ म्हणत होता.

"दोन," क्लेम म्हणाला.

"अहो, आता बाहेर या!" एनिड म्हणाली. "सगळे वाट बघतायत."

"वहिनी, तुम्ही सुरू करा," क्लेम म्हणाला. "दीड वर्षाचं भांडण तुंबलंय. इतक्यात कसं उरकेल?"

"आणि तो पडदा सोड गं," विल्फ म्हणाला. "उजेड येतोय."

एनिडने पडदा सोडला.